बिनतारी पंप-नियंत्रकासाठी घरच्या घरी अँटेना



विहीर खाली व्हाळाच्या काठी आणि पाण्याची टाकी वर सड्यावर, अशी मांडणी कोकणातील बहुतेक बागांत असते. टाकी भरली की नाही हे पाहण्यासाठी दिवसातून दोन-चार फेऱ्या होतात. भारनियमनामुळे वीज रात्री आली तर फेरीही रात्रीच करावी लागते. पावसाळ्याच्या तोंडाला कातळावर फुरशाचा धोका असतो. या कारणांमुळे अलीकडे अनेक बागायतदारांनी बिनतारी पंप-नियंत्रक बसवले आहेत. टाकीवरचा लहान संच पाण्याची पातळी पाहून खाली संदेश पाठवतो. विहिरीजवळचा दुसरा संच तो घेऊन मोटार चालू किंवा बंद करतो.

सोय चांगली आहे. परंतु संदेश कधी पोहोचतो, कधी पोहोचत नाही, अशी तक्रार वारंवार ऐकू येते. मग अधिक शक्तीचा आणि अधिक किमतीचा संच घेण्याचा विचार सुरू होतो. तसा खर्च करण्यापूर्वी एक गोष्ट अवश्य तपासावी. ती म्हणजे अँटेना. योग्य लांबीची, उभी, उंचावर आणि लोखंडापासून दूर असलेली तांब्याची साधी तार पुष्कळदा महागड्या संचापेक्षा अधिक काम करते. ती घरी कशी तयार करावी व कोठे बसवावी, याची माहिती या लेखात दिली आहे.

लालबागमधील अनुभव

हा प्रश्न केवळ शेतातला नाही. आपल्यापैकी अनेकांचे भाऊबंद नोकरीधंद्यानिमित्त गिरगाव, दादर, परळ, लालबाग या भागांत राहतात. तेथे महापालिकेचे पाणी ठराविक वेळी येते. ते तळमजल्याच्या टाकीत साठवून पंपाने गच्चीवरच्या टाकीत चढवतात. म्हणजे विहीर खाली व टाकी वर, हीच मांडणी तेथेही आहे. फरक एवढाच की मध्ये बाग नसून इमारत आहे.

लालबागला आमच्या नात्यातील कुटुंब राहते त्या चारमजली इमारतीत असाच नियंत्रक बसवला होता. खालचा संच जिन्याखाली, स्टार्टरच्या लोखंडी पेटीत होता. वरच्या संचाची अँटेना पाण्याच्या टाकीला टेकलेली होती. उन्हाळ्यात काम बरे चालले. पावसाळ्यात मात्र संदेश चुकू लागले. कधी गच्चीवरून पाणी वाहून जाई, तर कधी खालची टाकी संपूनही पंप कोरडा फिरत राही. अशाच एका पहाटे मोटार जळाली आणि ती भरून घ्यावी लागली. रहिवाशांनी नवा, मोठा संच घेण्याचे जवळजवळ ठरवले होते.

आम्ही प्रथम खालची अँटेना लोखंडी पेटीच्या बाहेर काढली. पेटीला भोक पाडून, केबल जोडून ती जिन्याच्या खिडकीत उभी केली. एवढ्याने निम्मा त्रास कमी झाला. नंतर पुढे दिल्याप्रमाणे दोन अँटेना तयार केल्या. एक खिडकीत आणि दुसरी गच्चीवर, टाकीपासून हातभर दूर व टाकीच्या वर बसवली. संच तेच राहिले आणि संदेश नियमित पोहोचू लागले.

संदेश मध्येच का अडतो?

१. लोखंडी पेटी : चारी बाजूंनी बंद असलेल्या धातूच्या पेटीतून रेडिओ लहरी फारशा आत-बाहेर जात नाहीत. स्टार्टरच्या पेटीत संच ठेवून अँटेनाही आतच ठेवणे, ही सर्वांत जास्त आढळणारी चूक आहे.

२. काँक्रीट व सळई : लाकडी तुळया व फळ्यांचे मजले असलेल्या गिरगावातील जुन्या चाळींतून लहर तुलनेने सहज जाते. सिमेंट काँक्रीटमध्ये सळयांचे जाळे असते, त्यामुळे प्रत्येक स्लॅबला तिची शक्ती घटते. १९२० च्या दशकात वरळी, नायगाव, डिलाईल रोड व शिवडी येथे बांधलेल्या बी.डी.डी. चाळी काँक्रीटच्या होत्या. अशा इमारतीत हा फरक लगेच जाणवतो.

३. पाणी : भरलेली टाकी, ओल्या भिंती व पावसात भिजलेली पाने लहरी शोषून घेतात. उन्हाळ्यात चालणारा संच श्रावणात का रुसतो, याचे हे एक कारण आहे.

४. आडवी किंवा गुंडाळलेली तार : एक अँटेना उभी व दुसरी आडवी असल्यास संदेशाचा मोठा भाग वाया जातो. दोन्ही उभ्या ठेवाव्यात. जादा वाटते म्हणून तार गुंडाळून ठेवू नये.

५. विद्युत खरखर : स्टार्टरमधील ठिणग्या, हलक्या प्रतीचे एल.ई.डी. दिवे व चार्जर यांच्यामुळे खरखर निर्माण होते. संदेश क्षीण असल्यास तो तीत बुडून जातो.

मोकळ्या जागेतसुद्धा अंतर दुप्पट करायचे तर शक्ती चौपट लागते. म्हणून केवळ शक्ती वाढवून हा प्रश्न स्वस्तात सुटत नाही.

तारेची लांबी कशी ठरते?

प्रत्येक रेडिओ लहरीला ठराविक लांबी असते. तिला तरंगलांबी म्हणतात. अँटेना त्या लांबीच्या अर्धी किंवा पाव असल्यास लहर चांगली पकडते. हे समजण्यासाठी गिरगावातीलच एक उदाहरण घेऊ.

१९४२ च्या 'चले जाव' आंदोलनात उषा मेहता व त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत 'काँग्रेस रेडिओ' हे गुप्त केंद्र चालवले. ऑगस्टच्या अखेरीपासून नोव्हेंबरपर्यंत ते सुरू होते. पोलिसांना सुगावा लागू नये म्हणून केंद्राची जागा वारंवार बदलावी लागे. १२ नोव्हेंबर १९४२ रोजी गिरगावातील पारेख वाडी येथे पोलिसांनी ते पकडले. हे केंद्र ४२.३४ मीटरवर ऐकू येते, असे निवेदनातच सांगितले जाई. हा आकडा म्हणजेच लहरीची लांबी होय. त्या लहरीची अर्धी लांबी सुमारे २१ मीटर व पाव लांबी साडेदहा मीटर होते. एवढी तार शहरात ताणायची म्हणजे गच्ची किंवा मोठे आवार हवे.

आपल्या पंप-नियंत्रकाची लहर याच जातीची आहे, फक्त ती फार आखूड आहे. म्हणून तिची अँटेना तळहातावर मावते. हिशोब सोपा आहे.

तरंगलांबी (मीटर) = ३०० भागिले वारंवारता (मेगाहर्ट्‌झ)

लहर तारेवरून जाताना तारेची कापायची लांबी सुमारे ५ टक्के कमी धरावी लागते. म्हणून पाव लांबीसाठी थेट पुढील सूत्र वापरावे.

कापायची लांबी (सेंटिमीटर) = ७१२५ भागिले वारंवारता (मेगाहर्ट्‌झ)

त्यानुसार नेहमी लागणाऱ्या लांब्या अशा :

८६६ मेगाहर्ट्‌झ : तरंगलांबी ३४.६ सें.मी., तार ८.२ सें.मी.
४३३.९२ मेगाहर्ट्‌झ : तरंगलांबी ६९.१ सें.मी., तार १६.४ सें.मी.
१००.७ मेगाहर्ट्‌झ (एफ.एम.) : तरंगलांबी २९८ सें.मी., तार ७०.८ सें.मी.

आपल्या संचाची वारंवारता त्याच्या मागील पट्टीवर किंवा माहितीपत्रकात छापलेली असते. ती पाहिल्याशिवाय तार कापू नये. ४३३ साठी कापलेली तार ८६६ च्या संचाला लावून उपयोग होत नाही. शेतासाठी नवीन संच घ्यायचा असल्यास ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्‌झ या पट्ट्यातील घ्यावा. ठरवून दिलेल्या शक्तीच्या मर्यादेत हा पट्टा आपल्या देशात परवान्याशिवाय वापरता येतो. 'लोरा' पद्धतीचे संच याच पट्ट्यात चालतात.

लागणारे साहित्य

१. तांब्याची उघडी, एकसंध तार, १४ गेज (जाडी सुमारे २ मि.मी.), अर्ध्या मीटरहून थोडी अधिक. अर्थिंगची उरलेली तार चालते.
२. चार भोकांचा, पॅनेलवर बसणारा 'एन' जातीचा मादी कनेक्टर, १ नग.
३. ३ मि.मी. जाडीचे पितळी किंवा स्टेनलेस स्टीलचे स्क्रू व नट, प्रत्येकी ४.
४. आर.जी.-५८ केबल, दोन्ही टोकांना कनेक्टर लावलेली. एका टोकाला 'एन' नर व दुसऱ्या टोकाला आपल्या संचाला बसेल तो. लांबी शक्यतो १ ते ३ मीटर.
५. वायरिंगचा पी.व्ही.सी. पाइप, क्लॅम्प, सोल्डर, डाग देण्याची इस्त्री.

हे साहित्य जिल्ह्याच्या ठिकाणी न मिळाल्यास मुंबईला ग्रँट रोड स्थानकाच्या पूर्वेस लॅमिंग्टन रोडवर मिळते. या रस्त्याचे अधिकृत नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असे आहे. गिरगावातून तेथे पायी जाता येते. गणपतीला गावी येणाऱ्या नातलगांकरवी मागवायचे असल्यास संचाच्या कनेक्टरचा फोटो अगोदर पाठवावा, म्हणजे चुकीची जोड येणार नाही.

कृती (८६६ मेगाहर्ट्‌झसाठी)

पहिली पायरी : तारेचा ९ सें.मी.चा एक व १०.५ सें.मी.चे चार तुकडे कापावेत. सर्व तुकडे हाताने सरळ करून टोके पॉलिश पेपरने घासावीत.

दुसरी पायरी : ९ सें.मी.चा तुकडा कनेक्टरच्या मधल्या खाचेत उभा ठेवून डाग द्यावा. थंड झाल्यावर कनेक्टरच्या धातूच्या पत्र्यापासून वरपर्यंत मोजून ८.२ सें.मी. ठेवावे आणि जादा तार कापावी. तार आधीच आखूड कापल्यास वाढवता येत नाही, म्हणून हा क्रम पाळावा.

तिसरी पायरी : उरलेल्या चार तुकड्यांच्या एका टोकाला स्क्रू जाईल एवढा डोळा वळवावा. ते कनेक्टरच्या चार कोपऱ्यांतील भोकांत स्क्रूने घट्ट बसवावेत. नंतर प्रत्येकाची लांबी ९ सें.मी. ठेवून जादा भाग कापावा.

चौथी पायरी : हे चारही तुकडे खाली, साधारण ४५ अंशांत झुकवावेत. आकार उघड्या छत्रीच्या काड्यांसारखा दिसेल. काड्या अशा झुकवल्याने अँटेनाचा मेळ ५० ओहमच्या केबलशी व संचाशी बसतो. मधली तार या काड्यांना किंवा पत्र्याला कोठेही टेकू देऊ नये.

पाचवी पायरी : केबल पाइपमधून घालून खालून कनेक्टरला जोडावी व कनेक्टर पाइपच्या टोकाला पक्का बसवावा. डागाच्या जागेवर वॉर्निशचा पातळ थर द्यावा. मुंबई व कोकणच्या खाऱ्या हवेत उघडा सांधा लवकर हिरवा पडतो. आंबट वासाचे सिलिकॉन मात्र तांब्यावर लावू नये, त्याने तांबे गंजते.

४३३ मेगाहर्ट्‌झच्या संचासाठी कृती हीच आहे. मधली तार १६.४ सें.मी. व काड्या १८ सें.मी. ठेवाव्यात. त्यानुसार तार सुमारे एक मीटर लागेल.

केबल आखूड का ठेवावी?

अँटेनाने पकडलेला संदेश केबलमध्ये कमी होत जातो. ८६६ मेगाहर्ट्‌झला अगदी बारीक आर.जी.-१७४ केबलच्या १० मीटर लांबीत शक्तीचा जेमतेम दहावा भाग उरतो. आर.जी.-५८ मध्ये सुमारे चौथा भाग उरतो. डिश टीव्हीच्या आर.जी.-६ केबलमध्ये निम्म्याहून अधिक उरतो. ती ७५ ओहमची असली तरी त्यामुळे होणारे नुकसान नगण्य असते. म्हणून लांब केबल टाकणे अटळ असल्यास आर.जी.-६ वापरावी. त्याहून चांगला उपाय म्हणजे संचच प्लास्टिकच्या जलरोधक पेटीत घालून अँटेनाजवळ ठेवावा आणि तेथून स्टार्टरपर्यंत साधी नियंत्रण वायर न्यावी.

अँटेना कोठे बसवावी?

नात्यातील याच कुटुंबाची आंबा व सुपारीची बाग चिपळूण तालुक्यात आहे. लालबागचा अनुभव पाहून तशाच दोन अँटेना गावी नेण्यात आल्या. विहीर ते टाकी अंतर सुमारे ४०० मीटर आणि मध्ये आंब्याची जुनी झाडे. विहिरीवरील अँटेना प्रथम पंपघराच्या दारापाशी, पुरुषभर उंचीवर बसवली, तेव्हा निम्मे संदेशसुद्धा मिळेनात. तीच पाइपला बांधून पंपघराच्या छपरावर, पानांच्या आडोशातून बाहेर येईल अशी उभी केली. त्यानंतर संदेश नीट येऊ लागले. बागेत राहणाऱ्या वहिनींची टाकी पाहण्यासाठी होणारी रात्रीची फेरी बंद झाली.

याचे कारण असे. लहर दोन अँटेनांच्या मधून दोरीसारखी जात नाही. ती मध्यभागी फुगलेल्या नळ्यासारखी जागा व्यापते. ४०० मीटर अंतर व ८६६ मेगाहर्ट्‌झ असल्यास मध्यावर या नळ्याची त्रिज्या सुमारे ६ मीटर असते. निदान साडेतीन मीटर तरी मोकळी मिळावी. म्हणून अँटेना नुसती दिसण्यापुरती उंच असून भागत नाही. ती जमीन, छप्पर व झाडे यांच्यापासून वर असावी. टाकीच्या भिंतीपासून, पत्र्यापासून व लोखंडी पाइपापासून ती किमान अर्धा मीटर दूर ठेवावी.

तपासणी कशी करावी?

पक्के बसवण्यापूर्वी अँटेना काठीला बांधून तीन-चार जागी धरून पाहावी. एक माणूस टाकीपाशी व एक मोटारीपाशी असावा. संच संदेशाची ताकद आकड्यात दाखवत असल्यास उणे १०० पेक्षा उणे ७० हा आकडा चांगला समजावा. दर ३ आकड्यांच्या फरकाला शक्ती दुप्पट किंवा निम्मी होते. आकडा दिसत नसल्यास २० संदेश पाठवून किती पोहोचले ते वहीत लिहावे. ही तपासणी टाकी भरलेली असताना, मोटार चालू असताना आणि पाऊस पडून गेल्यावर अशी तिन्ही वेळा करावी. कोरड्या दिवशी जेमतेम चालणारी जागा पावसाळ्यात दगा देते.

घ्यावयाची काळजी

१. विजेच्या तारांच्या जवळ अँटेनाचा पाइप उभा करू नये. पाइप आडवा पडला तरी तारेला लागणार नाही, इतके अंतर ठेवावे. काम करताना स्टार्टरचा मुख्य स्विच बंद करावा.

२. ढगांचा गडगडाट सुरू असताना गच्चीवर किंवा सड्यावर अँटेनाला हात लावू नये. परिसरातील ती सर्वांत उंच वस्तू होणार नाही, असे पाहावे. वळवाच्या दिवसांत गरज नसताना केबल संचापासून सोडवून ठेवावी.

३. केबल पेटीत शिरण्यापूर्वी तिला खाली एक वळसा द्यावा, म्हणजे पावसाचे पाणी तेथूनच ठिबकून जाईल.

४. डोळ्यांना इजा होऊ नये म्हणून काड्यांची टोके कानशीने बोथट करावीत.

५. संदेश पाठवणाऱ्या संचाला शक्तिवर्धक जोडू नये. त्यामुळे परवानामुक्त मर्यादा ओलांडली जाते व शेजाऱ्यांच्या उपकरणांना त्रास होतो.

६. मोबाइलचे सिमकार्ड घालून चालणाऱ्या स्टार्टरला ही अँटेना चालत नाही. त्याच्या सोबत आलेलीच अँटेना लोखंडी पेटीबाहेर व उंचावर बसवावी.

७. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे मोटारीचे रक्षण केवळ बिनतारी संदेशावर सोपवू नये. अँटेना कितीही चांगली असली तरी एखादा संदेश चुकणारच. ठराविक वेळ संदेश न आल्यास मोटार आपोआप बंद होईल, अशी रचना संचात आहे का ते विकत घेतानाच विचारावे. विहिरीत कोरडी मोटार थांबवणारे साधन व स्टार्टरमध्ये ओव्हरलोड रिले चालू स्थितीत असावा. लालबागची मोटार जळाली, तेव्हा यातील एकही गोष्ट नव्हती.

रेडिओसाठीही हाच नियम

३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले, तेव्हा किनारपट्टीतील अनेक गावांची वीज व मोबाइल सेवा कित्येक दिवस बंद होती. अशा वेळी बॅटरीवरचा रेडिओ उपयोगी पडतो. एफ.एम. केंद्र अस्पष्ट येत असल्यास वरील सूत्राने तारेचे दोन सारखे तुकडे कापावेत. मुंबईतील एफ.एम. गोल्डच्या १००.७ मेगाहर्ट्‌झसाठी प्रत्येक तुकडा ७०.८ सें.मी. होतो. आपल्या भागातील केंद्राचा आकडा घालून हिशोब करावा. दोन्ही तुकडे एका पट्टीवर, मध्ये बोटभर अंतर ठेवून, एका रेषेत बसवावेत. एकाला आर.जी.-६ केबलची मधली तार व दुसऱ्याला जाळी जोडावी. ही पट्टी प्रथम उभी व नंतर आडवी धरून पाहावी आणि आवाज स्वच्छ येईल तशी बांधावी. मध्यम लहरींच्या संचात अँटेनाची कांडी आतच असते. तेथे संच नुसता फिरवून पाहिला तरी फरक पडतो.

तरी बंधू-भगिनींनी नवीन संच घेण्यापूर्वी आपल्या अँटेनाची लांबी, उंची व जागा या तीन गोष्टी एकदा तपासून पाहाव्यात. पावसाळ्यापूर्वी एका दुपारी हे काम पुरे होते. लागणारा खर्च मोटार एकदा भरून घेण्याच्या खर्चापेक्षा खचितच कमी आहे.